औषधाचेही गायरान असते

(मेंढपाळांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘मेंढ्यांचे जंत’ हा विषय छापलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले त्याने जनावरांच्या औषधोपचारावर बोलावे, हा थोडासा आगाऊपणाच आहे. परंतु आज दुपारी जो ठरावाचा मसुदा आपल्यापुढे यावयाचा आहे, त्यात ‘प्रत्येक मेंढीला वर्षातून चार वेळा मोफत जंतनाशक औषध मिळालेच पाहिजे’ अशी एक मागणी आहे. मागणी सद्‌हेतूने केलेली आहे, यात शंका नाही. पण ती जशीच्या तशी मान्य झाली तर ज्यांच्यासाठी आपण ती करीत आहोत त्यांचेच नुकसान होईल, असे माझे मत झाले आहे. आणि त्याची कारणे पशुवैद्यकात जितकी आहेत तितकीच अर्थशास्त्रात आहेत. म्हणून हा आगाऊपणा.

प्रथम रोगाविषयी. मेंढीच्या पोटात अनेक जातींचे जंत असतात. उष्ण आणि पावसाळी हवेत त्यांतला सर्वांत घातक तो हिमाँकस कॉन्टॉर्टस या नावाचा. मेंढीच्या चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, तो राहतो आणि रक्त पितो. एक जंत दिवसाला मिलिलिटरचा विसावा भाग एवढेच रक्त खर्ची घालतो. पण पोटात हजार जंत असले तर तोच हिशेब दिवसाला ५० मिलिलिटरवर जातो. लहान कोकराच्या अंगात रक्त ते किती असणार! ते पांढरे पडते, जबड्याखाली पाणी धरून सूज लोंबू लागते, आणि चालता चालता एक दिवस खाली बसते. जंताची एक मादी रोज ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंड्यांबरोबर कुरणावर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवड्याभरात त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावर चढतात आणि चरणाऱ्या मेंढीच्या तोंडात जातात. तेथून तीनएक आठवड्यांनी पुन्हा अंडी सुरू.

यात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. जंत मेंढीच्या पोटात वाढतो, पण तेथे त्याची संख्या वाढत नाही. जेवढ्या अळ्या पोटात गेल्या, जास्तीत जास्त तेवढेच जंत. संख्या वाढते ती कुरणाच्या मार्गाने. आणि कुरण कोणा एकाचे नसते.

आता औषधांविषयी. १९६१ साली थायाबेंडाझोल हे औषध बाजारात आले, तेव्हा जंतांचा प्रश्न कायमचा सुटला अशी अनेकांची समजूत झाली. अवघ्या तीन वर्षांत, १९६४ साली, त्याला न जुमानणाऱ्या जंतांची नोंद अमेरिकेत झाली. पुढे लेव्हामिझोल आले. त्याचीही तीच गत झाली. १९८१ साली आयव्हरमेक्टिन आले. त्याची जननी म्हणजे जपानमधल्या मातीत सापडलेला एक सूक्ष्मजीव. त्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्बेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसांना आंधळे करणाऱ्या एका रोगावर, आफ्रिकेतील नदीकाठच्या अंधत्वावर, ते १९८७ पासून फुकट देण्यात आले, ही त्या कथेतील उजळ बाजू. मेंढ्यांच्या बाबतीत मात्र त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतून या औषधालाही दाद न देणाऱ्या हिमाँकसची बातमी आली. २००९ साली न्यूझीलंडमध्ये मोनेपँटेल हे संपूर्ण नव्या वर्गाचे औषध विक्रीस आले. २०१३ साली त्याच देशातील एका शेळ्यांच्या फार्मवर ते निकामी ठरल्याचे प्रसिद्ध झाले.

असे का होते? औषध जंताला शिकवीत नाही. ते निवड करते. लाखो जंतांत मुळातच काही थोडे असे असतात की ज्यांच्या शरीरातील एखादा घटक किंचित वेगळा असतो. थायाबेंडाझोल, अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल ही सारी एका वर्गाची औषधे जंताच्या पेशींतील ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला मारतात. त्या प्रथिनातली एक कडी बदललेली असली की औषध नीट चिकटत नाही. बाकीचे मरतात, हे उरतात. पुढची पिढी त्यांची.

येथे आपल्या मेंढपाळाची एक मोठी फसगत होते. एका बाटलीने गुण आला नाही म्हणून तो दुसऱ्या रंगाची बाटली आणतो. नाव वेगळे, वेष्टन वेगळे, किंमत वेगळी. आतले औषध मात्र त्याच वर्गाचे, कित्येकदा तेच. अल्बेंडाझोलला न मरणारा जंत फेनबेंडाझोलला सहसा मरत नाही. बाजारात निवड करण्याचे स्वातंत्र्य ग्राहकाला असते, असे आम्ही पाठ्यपुस्तकांत शिकवीत असू. दहा नावांची एकच वस्तू मांडून ठेवणे हे स्वातंत्र्य कोणत्या प्रकारचे, ते पुस्तकांत नव्हते.

मग औषध चालत नाही तेव्हा करावयाचे काय? दोन उपाय सांगितले जातात: तेच औषध पुन्हा द्यावे, किंवा दोन वेगळ्या वर्गांची औषधे एकत्र द्यावीत. दोहोंतही तथ्य आहे, आणि दोहोंत खड्डे आहेत.

पुन्हा देण्याचा उपाय अल्बेंडाझोलच्या वर्गाला काही प्रमाणात लागू पडतो. ही औषधे मेंढीच्या पहिल्या मोठ्या पोटात साठून हळूहळू पुढे सरकतात. जंताशी त्यांचा संपर्क जितका वेळ राहील तितका परिणाम अधिक. म्हणून आदल्या दिवशी चारा कमी करून, बारा तासांच्या अंतराने दोन मात्रा दिल्यास अर्धवट निर्ढावलेले जंतही बरेच मरतात. पूर्ण निर्ढावलेल्यांवर मात्र याचा उपयोग नाही. आणि गाभण किंवा अशक्त मेंढीला उपाशी ठेवावयाचे नसते. हाच न्याय दुसऱ्या औषधांना लावू गेल्यास अनर्थ होईल. लेव्हामिझोलची मात्रा वाढविली की विषबाधा होते. क्लोझँटेलच्या अतिमात्रेने मेंढ्या-शेळ्या आंधळ्या होतात. आणखी एक बाब: शेळीचे शरीर ही औषधे मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते. धनगराच्या कळपात दहा-पाच शेळ्या असतातच. त्यांना मेंढीच्याच मापाने औषध पाजले की ते अपुरे पडते, आणि अपुऱ्या मात्रेतून तगलेला जंत त्याच कुरणावर उतरतो. मापाचा निर्णय पशुवैद्यानेच करावा, हे मी वेगळे सांगावयास नको.

दोन औषधांच्या जोडीचा हिशेब मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा आहे. समजा, हजारात एक जंत पहिल्या औषधाला दाद देत नाही आणि हजारात एक दुसऱ्याला. दोन्ही दोष एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दोन्ही औषधांतून वाचणारा जंत दहा लाखांत एखादाच निघेल. म्हणून दोन्ही औषधे धारदार असतानाच त्यांची जोडी लावणे शहाणपणाचे. परंतु आपण करतो काय? पहिले औषध निकामी होईपर्यंत एकटे वापरतो, मग दुसरे एकटे वापरतो, आणि दोन्ही बोथट झाली की जोडी आठवते. प्रत्येकी साठ टक्के जंत मारणारी दोन औषधे एकत्र दिली तर चौऱ्याऐंशी टक्के मरतील. कोकरू त्या दिवशी वाचेल, हे खरे, आणि त्या दिवशी तेच महत्त्वाचे असते. पण जे सोळा टक्के उरले ते दोन्ही औषधे पचविलेले. त्यांच्या संततीचे करावयाचे काय?

याच ठिकाणी एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो सुशिक्षित कार्यकर्त्यांत अधिक आढळतो. क्षयरोगाचे उदाहरण आपण सर्वजण जाणतो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील प्रयोगात एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रोगी आधी सुधारले, आणि मग अनेकांच्या अंगातले जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. त्यातूनच एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. त्यावरून आपण धडा घेतला, की औषधे एकत्र द्यावीत, सर्वांना द्यावीत, आणि एकही जंतू जिवंत ठेवू नये. क्षयाच्या बाबतीत हे बरोबरच आहे. तेथे रोगजंतू माणसाच्या शरीरातच कोटींच्या संख्येने वाढतो. जंतांचे तसे नाही, हे मी आधी सांगितले. येथे वाढीची जागा कुरण आहे. कुरणावर औषधाला मरणाऱ्या जंतांची अंडी भरपूर असतील, तर औषधातून वाचलेल्या चारदोन निर्ढावलेल्या जंतांची संतती त्या गर्दीत विरघळून जाते; पुढच्या पिढीतही औषध चालते. सर्व मेंढ्यांना एकाच दिवशी औषध पाजून त्यांना मोकळ्या, अळ्या नसलेल्या रानात सोडले, तर त्या रानाची पुढची सारी वस्ती निर्ढावलेल्यांचीच होणार. म्हणून परजीवीशास्त्रज्ञ आता म्हणतात की काही जंतांना औषधाचा स्पर्शच होऊ देऊ नका. त्यांना आसरा असू द्या. हा विचार मी प्रथम वाचला तेव्हा तो मला न पटण्याइतका विपरीत वाटला होता.

पटला तो गायरानाच्या उपमेने. १९६८ साली गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली: प्रत्येक गुराखी आपले एक जनावर वाढवितो, त्याचा फायदा एकट्याला आणि झीज सर्वांना, शेवटी कुरण उजाड. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी पुढे दाखवून दिले की ही शोकांतिका अटळ नाही. जेथे कुरण वापरणारे स्वतः नियम करतात आणि पाळतात, तेथे कुरणे शतकानुशतके टिकली आहेत. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळाले. औषधाची धार हेही असेच एक गायरान आहे, आणि येथे ती निव्वळ उपमा नाही. औषधाला मरणाऱ्या जंतांची अंडी खरोखरच गायरानावर, माळावर, नांगरटीच्या कडेला लेंड्यांत पडलेली असतात. ती सर्वांची ठेव आहे. एकाने आपला कळप दर महिन्याला धुऊन काढला तर लाभ त्याचा, पण ठेव सर्वांची खर्च होते.

आता या ठेवीचा रखवालदार कोण? औषध कंपनी असू शकत नाही, आणि तिला शिव्या देऊन हा प्रश्न सुटतही नाही. पेटंटची मुदत ठरावीक वर्षांची. त्या मुदतीत जास्तीत जास्त बाटल्या खपविणे हा तिचा हिशेब. मुदतीनंतर औषध बोथट झाले तर तोपर्यंत तिचे भांडवल वसूल झालेले असते. उरतो मेंढपाळ आणि उरते शासन.

शासनाविषयी बोलताना आपल्या विचाराच्या माणसाला थोडे अवघड जाते, पण बोलले पाहिजे. मलेशियातील साबा प्रांतात सरकारी शेळी-मेंढी पैदास केंद्रांवर जंतनाशकांची तपासणी झाली, तिचा वृत्तांत २००४ साली प्रसिद्ध झाला. अल्बेंडाझोलचा वर्ग, लेव्हामिझोल, आयव्हरमेक्टिन, क्लोझँटेल, सारेच निकामी ठरले होते. जंतनाशकांचा संपूर्ण पराभव, असेच त्या निबंधाचे शीर्षक आहे. हे खाजगी फार्म नव्हते. लहान शेतकऱ्याला चांगले बियाण्याचे जनावर मिळावे म्हणून काढलेली सरकारी केंद्रे होती. भारतातही जे अभ्यास झाले, त्यांचा एकंदर कल हाच दिसतो की औषधांना दाद न देणारे जंत सरकारी आणि संघटित प्रक्षेत्रांवर अधिक, आणि फिरत्या मेंढपाळांच्या कळपांत कमी. कारण साधे आहे. प्रक्षेत्रावर कुरण तेच, मेंढ्या तेथेच, आणि औषध नियमितपणे सर्वांना. गरीब धनगराला इतके औषध परवडत नव्हते; त्याच्या गरिबीने ती ठेव नकळत राखली. गरिबीचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही, कोकरे मरत होती हेही तितकेच खरे. पण उद्या त्या प्रक्षेत्रावरचा सुधारित मेंढा अनुदानाने त्याच्या वाड्यावर आला, की त्याच्याबरोबर पोटातून काय येते, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केलेला असतो काय?

आता चार वेळा मोफत औषधाची मागणी या प्रकाशात पाहा. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. एवढ्या साऱ्यांना वर्षातून चारदा एकच औषध, तेही निविदेत जे सर्वांत स्वस्त ठरेल ते! आणि ते मार्चअखेरीस निधी संपवावयाचा म्हणून वाटले गेले तर त्याहून वाईट. चैत्रात आपला माळ करपलेला असतो, कुरणावर अळ्या जवळजवळ नसतात. जंतांची बहुतेक वस्ती मेंढ्यांच्या पोटातच उरलेली असते. त्या वेळी सरसकट औषध पाजणे म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर निर्ढावलेल्या जंतांचीच पेरणी करणे होय. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात कोरड्या उन्हाळ्यातील सरसकट औषधपाजणीने नेमके हेच घडले. याउलट, राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने पावसाळा निम्मा सरल्यावर वर्षातून एकच मात्रा, असा मार्ग सुचविला आणि तेथील कोरड्या मुलखात तो पुरेसा ठरला. आपला मुलूख वेगळा आहे. माणदेशातून कोकणात उतरणाऱ्या कळपाला तोच नियम लागू पडेल असे मी म्हणत नाही. पण चारचा आकडा कोठून आला, हे मसुदा लिहिणाऱ्यांनी मला सांगावे.

सर्वांना नाही तर मग कोणाला औषध द्यावयाचे? कळपातले जंतही संपत्तीसारखेच विषम वाटलेले असतात. ढोबळ मानाने वीस-तीस टक्के मेंढ्यांच्या पोटात ऐंशी टक्के जंत. त्या मेंढ्या ओळखण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात डोळ्याच्या पापणीच्या आतील रंगाचा पाच छटांचा तक्ता तयार करण्यात आला. लालबुंद पापणी असलेल्या मेंढीला औषध द्यावयाचे नाही, पांढुरक्या पडलेल्या मेंढीला द्यावयाचे. ‘फमाचा’ या नावाने तो ओळखला जातो. त्याचे चित्र मी गेल्या पावसाळ्यात एका वाड्यावर घेऊन गेलो होतो. तिथल्या वयोवृद्ध मामांनी एका मेंढीचे मुंडके काखेत धरून अंगठ्याने पापणी उलटली आणि मला म्हणाले, “सर, ह्यो कागुद तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. पांढरा डोळा मला बगितल्याबगितल्या कळतोय. पर दवाखान्यातला मानूस म्हंतो, समद्यांस्नी पाजा.” मामांचे अर्धे बरोबर होते. पांढरा डोळा रक्त कमी असल्याचे सांगतो, ते हिमाँकसनेच गेले की यकृतातल्या चपट्या जंताने, हे सांगत नाही. त्यासाठी लेंडी तपासावी लागते.

आणि लेंडी तपासणे हे काही अणुभट्टी उभारणे नव्हे. एक सूक्ष्मदर्शक, मिठाचे घट्ट पाणी, आखलेली काच, आणि मोजणारा माणूस एवढ्यावर ते होते. औषध देताना अंडी मोजावयाची, दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा मोजावयाची. संख्या पंच्याण्णव टक्क्यांनी उतरली नाही तर ते औषध त्या कळपात बोथट होत चालले असे समजावयाचे. कोणते औषध अजून चालते हे ठाऊक झाल्याशिवाय जोडी कोणाशी कोणाची लावणार? न्यूझीलंडमध्ये जोडऔषधे सर्रास वापरली गेली आणि तरीही प्रश्न उरला. परंतु तेथेच काही फार्मांवर जोडऔषध, काही जंतांना आसरा आणि नियमित तपासणी ही तिन्ही एकत्र पाळल्यावर काही वर्षांत औषधांची धार काही अंशी परत आल्याचे २०१५ साली नोंदले गेले. एकट्या बाटलीने ते झाले नाही.

जंतांना मुळातच तोंड देणारी जनावरे पैदा करण्याचा दुसरा मार्ग आहे; तो लांबचा, पण आपल्या दारातला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल मेंढी मुख्यतः जुळ्या कोकरांसाठी आणली होती. तिच्या संकरित कोकरांत जंतांना प्रतिकार अधिक असल्याचे तेथील अभ्यासात दिसून आले, हे २००३ साली प्रसिद्ध झाले. गॅरोल आकाराने फार लहान. कोकरू टिकेल पण वजन कमी भरेल, आणि खाटीक पैसे वजनाचे देतो. त्या वजाबाकीचा हिशेब मांडणे हे माझ्या विषयाच्या विद्यार्थ्यांचे काम आहे, आणि आजवर ते त्यांनी फारसे अंगावर घेतलेले नाही.

तेव्हा मसुद्यात मी दुरुस्ती सुचविली आहे ती अशी. ‘वर्षातून चार वेळा’ हे शब्द काढावेत. त्याऐवजी, मेंढ्यांच्या प्रत्येक तालुक्यातील पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडीतपासणीची सोय आणि ती करणारा पगारी माणूस हवा. औषध मोफत हवेच, पण तपासणीनंतर, आजारी मेंढीला, आणि दोन वर्गांचे हवे तेव्हा दोन्ही वर्गांचे. सरकारी प्रक्षेत्रावरून मेंढा वाटताना त्याला आधी वेगळे ठेवून, निरनिराळ्या वर्गांची औषधे देऊन, पुन्हा लेंडी तपासल्याचा कागद बरोबर द्यावा. काल रात्री एका तरुण मित्राने मला विचारले, की ‘सर्वांना मोफत औषध’ ही घोषणा मोर्चात देता येते, ‘लेंड्या तपासा’ ही कशी द्यावयाची? त्याची अडचण खरी आहे, आणि माझ्यापाशी तिला उत्तर नव्हते. दुपारच्या चर्चेत मामांसारखी चार माणसे बसणार आहेत. घोषणेचे शब्द त्यांना विचारावेत.